आधी नावं, मग मजकूर

आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आणि यान उडाल्याचा आवाज एकाच वेळी यायचा. त्यामुळे लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की अंतराळात जाताना आतमध्ये कुणीतरी भाकऱ्या करत बसलेलं असतं. रेडिओ चुलीच्या वरच्या कोनाड्यात होता. धुरानं त्याची जाळी काळी पडली होती, आणि कापडी वेष्टणावर आईच्या पिठाच्या बोटांचे ठसे कायमचे बसलेले होते. संध्याकाळी बाबा लोहारा गावातल्या कारखान्यातून सायकलनं यायचे, सायकल भिंतीला टेकवायचे, पाय धुवायचे. तेवढ्यात तो लांब, तंबोऱ्यासारखा सूर सुरू व्हायचा आणि त्यावर निवेदकाचा खोल आवाज. ‘उल्का सात.’ आई म्हणायची, “चूप बसा बाप्पा, निघाली ते.” मग तवा उतरवेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

ज्यांनी ही मालिका ऐकली नाही त्यांना थोडं सांगते. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान. जिथे जायचं तिथे पोचायला माणसांच्या कित्येक पिढ्या लागणार. म्हणजे यानातच लोक जन्मतात, लग्नं करतात, भांडतात, मरतात. मालिका माझ्या जन्माआधीपासून चालू होती, आणि मी कॉलेजात गेले तरी ते यान कुठेच पोचलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कॅप्टन, वैद्य, गणिती. यानाच्या पोटात एक जागा होती, तिला ‘तळ’ म्हणायचे. हवेच्या जाळ्या खरवडणारे, वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वर पाठवणारे लोक तिथे राहायचे. वरच्यांना नावं होती. तळातल्यांना नव्हती. शेवटी कलाकारांची यादी वाचायचे, तेव्हा ‘तळातला एक’, ‘तळातली बाई’ असंच यायचं. आमच्या घरात ही यादी नीट ऐकली जायची.

आई जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जात असे. हंगामात घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत पांढरे पुंजके अडकलेले असायचे, आणि रात्री ती खोकायची. तिचं माहेर बोरी अरब. अक्षर तिला येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली गोष्ट ती विसरत नसे. जेवायला अंबाडीची भाजी, भाकर, आणि तेलात तिखट टाकून केलेला लाल भुरका. तो भुरका खाताना नाक गळायचं आणि आई म्हणायची, “हे खाऊन त्याईच्या यानात पाठोलं पायजे कोणाले, मंग समजन अंतराळ काय असते.” आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुढे पुसदला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्या विषयाकडे मला कुणा प्राध्यापकानं नव्हे, त्या धुरकट रेडिओनं ढकललं.

रेडिओनं, आणि मदनभाऊंनी. यवतमाळात मदनभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी ‘उल्का श्रोता मंडळ’ बसायचं. आमचा रेडिओ बंद पडला म्हणून मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मागचं झाकण उघडून मला एकेक भाग दाखवला. हा आवाज मोठा करतो, हा हवेतून नेमकं तेवढंच स्टेशन उचलतो. पैसे घेतले नाहीत. नंतर एकदा घरी येऊन बाबांना म्हणाले, “पोरीले सायन्सले टाका, काका. हे पोरगी प्रश्न विचारते.” बाबांनी टाकलं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी घरी येऊन बोलणारा तो पहिला परका माणूस. मला सख्खा भाऊ नाही. तेव्हापासून होता असं मी समजत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं समजायला ते लागेल.

मंडळात आम्ही सात-आठ जण होतो. मदनभाऊ, उर्दू शाळेतले काझी सर, आणि बाकी दुकानांत, कचेऱ्यांत कामाला असणारी मंडळी. मुलगी मी एकटी, कॉलेजात गेल्यावर आलेली. काम एकच. त्या आठवड्याचा भाग उलगडायचा आणि त्यातली भोकं शोधायची. ‘भोक’ हा मंडळाचाच शब्द. गोष्टीत विज्ञान चुकलं, मागचं पुढच्याशी जुळलं नाही, की ते भोक. मग रेडिओ केंद्राला पोस्टकार्ड जायचं. जुने लेखक मोठ्या मनाचे होते. ‘श्रोत्यांची पत्रं’ या कार्यक्रमात ते हसत सांगायचे, “यवतमाळच्या मंडळानं मला पुन्हा पकडलं.” एकदा तर आमच्या कार्डावरून त्यांनी यानातल्या पाण्याचं अख्खं गणित बदललं. त्या रविवारी मदनभाऊंनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले. टीका म्हणजे काय, ती कशी करायची, हे मी त्या खोलीत शिकले. कॉलेजात नाही. त्या खोलीत तारा जोडताना जळणाऱ्या रोझीनचा वास असायचा, आणि आपण जे प्रेमानं ऐकतो त्यात चूक राहू नये अशी एक तळमळ असायची. ती खरी होती. आज कुणी म्हणालं की ते सगळे पहिल्यापासूनच विषारी होते, तर मी ते मान्य करणार नाही.

मंडळाचे दोन नियम होते. एक, कुणी एकट्यानं कार्ड टाकायचं नाही. दुसरा जरा विचित्र वाटेल. आधी नावं, मग मजकूर. झालं असं होतं, की मदनभाऊंचं अक्षर मोठं. एकदा त्यांनी कार्डभर मजकूर लिहिला आणि खाली काझी सरांच्या नावाला जागाच उरली नाही. काझी सर रागावून महिनाभर आले नाहीत. तेव्हापासून कोरी कार्डं आणली की आधी खालच्या बाजूला सगळे आपापल्या हातानं नावं लिहायचे, आणि वर उरलेल्या जागेत मजकूर. अशी नावं घातलेली कोरी कार्डं मदनभाऊंच्या खणात कायम तयार असायची. दुसऱ्या गावच्या मंडळांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. पण नाव रेडिओवर येणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. मी शेवटची आलेली, म्हणून माझं नाव शेवटी. निवेदक पहिली तीन-चार नावं वाचायचे आणि म्हणायचे, “आणि इतर.” मी दोन वर्षं ‘आणि इतर’ होते. आई प्रत्येक वेळी विचारायची, “तुयं नाव काहून घेत नाही वं तो?” मी म्हणायची, घेईल. नाव पुरं दिसावं म्हणून मी पुढे ‘बी.एस्सी. भाग दोन’ असंही लिहायला लागले.

मग जुने लेखक थकले आणि मालिका एका बाईंकडे आली. कुमुद देवतळे. आम्ही सगळे कुमुदताई म्हणायचो, कारण कार्यक्रमात त्यांचा आवाज थोरल्या बहिणीसारखा यायचा. त्यांनी पहिल्या काही भागांतच म्हाताऱ्या कॅप्टनला मारलं, आणि तळातली एक मुलगी वर आणली. तिला नाव दिलं, रेवा. तिनं यान एका मोठ्या संकटातून वाचवलं आणि ती कॅप्टन झाली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आईनं हातातली भाकर तव्यावर टाकायची सोडून तशीच धरून ठेवली. यादीत निवेदक म्हणाले, ‘रेवा’, आणि पुढे नटीचं नाव. आई म्हणाली, “नाव देल्लं. तळातलीले नाव देल्लं बावा.” बाबांनी त्या दिवशी एक भाकर जास्त खाल्ली. पुढच्या भागापासून आईचा एकच प्रश्न. “गेली का वं ते पोट्टी खाली, मायले भेटाले?” मी सांगायची, नाही गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. “गेली का?” नाही. रेवा वर गेली आणि तळ गोष्टीतून पुसूनच गेला. जाळ्या कोण खरवडतंय, पाणी कोण गाळतंय, काही नाही. तिची आई पहिल्या भागात एकदा बोलली होती, तीही यादीत ‘तळातली बाई’च राहिली. आईला हे खुपत होतं. मला तर जास्तच, कारण मी रोज सकाळी इस्त्रीची ओढणी घेऊन कॉलेजात जात होते आणि ती कापूस वेचायला.

मंडळात मात्र वेगळंच चाललं होतं. सुरुवातीला नेहमीसारखी भोकं निघाली, आणि ती खरी भोकं होती. यानाचं डावं इंजिन पूर्वीच्या एका भागात जळून गेलेलं. कुमुदताईंनी ते चालू दाखवलं. मदनभाऊंनी ते तिथल्या तिथे पकडलं आणि ते बरोबरच होतं. पण हळूहळू इंजिन मागे पडलं आणि बाई पुढे आली. “बाईमाणसाले काय समजते यान,” असं कुणी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. मदनभाऊ म्हणाले, “तळातली पोट्टी डायरेक कॅप्टन? काही पद्धत असते का नाही?” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुद्दाम टाळलं असं नाही. त्यांच्या मनात तो संबंधच आला नसावा. त्या रविवारी मी घरी चालत आले आणि वाटेत स्वतःलाच समजावलं, की ते गोष्टीबद्दल बोलत होते.

त्या आठवड्यात रेडिओवर सांगितलं गेलं की ‘श्रोत्यांची पत्रं’मध्ये लेखिका स्वतः येऊन उत्तरं देणार. पुढच्या रविवारी मंडळ भरलं. कोरी कार्डं आणलेली होती. आम्ही सगळ्यांनी नावं घातली, नेहमीसारखी, एकामागून एक कार्ड पुढे सरकवत. मी म्हटलं, या वेळी एक कार्ड मी लिहिते.

“लिही नं,” मदनभाऊ म्हणाले. “पण गोड नको लिहू. जावई येऊन राह्यले नाही आपल्या घरी.”

“गोड नाही. विचारून राह्यली फक्त.”

मी लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे. रेवाला नाव दिलंत, आमच्या घरी फार आनंद झाला. पण ती वर गेल्यापासून एकदाही तळात उतरली नाही, आणि तळ तसाच राहिला. एक माणूस वर गेलं म्हणजे सगळं झालं असं गोष्ट सांगते आहे, ते आम्हाला पटत नाही. माझी आई दर आठवड्याला विचारते की रेवा तिच्या आईला भेटायला केव्हा जाणार. तिच्या आईचं नाव काय?

काझी सरांनी वाचलं आणि म्हणाले, “बहोत खूब, बेटा. ये सवाल है.” मदनभाऊंनी वाचलं, मान हलवली, म्हणाले, “ठीक हाय. भोक तं हायच हे.” ते कार्ड मी स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकलं. बाकीची नावं घातलेली कार्डं खणात राहिली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. ती नेहमीच तिथे राहायची.

कार्यक्रम त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी होता. आईनं पहाटेपासून पातोड्यांचा घाट घातला. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा, तो सणालाच व्हायचा. शेजारच्या कमलामावशीला बोलावून ठेवलं. “आज पोरीचं नाव घेतील,” तिनं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, “आई, घेतलं नाही तं?” ती म्हणाली, “चांगलं लिहिलं तू. माह्यं विचारलं. घेईनच.” बाबा दाराशी बसून दाढी करत होते, आरसा खिळ्याला टांगून.

कुमुदताईंचा आवाज त्या दिवशी ताईसारखा नव्हता. चिडलेलाही नव्हता. सपाट होता. दोन-तीन गावांच्या पत्रांना त्यांनी उत्तरं दिली. मग म्हणाल्या, “यवतमाळच्या मंडळाची या आठवड्यात चार कार्डं आली. पहिल्यात लिहिलंय, मी डावं इंजिन विसरले. खरं आहे, विसरले. पुढे लिहिलंय, विसरणारच, बाईनं पापड लाटावेत. दुसऱ्यात माझ्या घरच्यांना विचारलंय की हिला मोकळी कशाला सोडली. तिसऱ्यातलं मी इथे वाचू शकत नाही. चौथं मी वाचलं नाही. तीन वाचून झाल्यावर ते उलटं ठेवून दिलं.” कार्डं पुन्हा उचलल्याचा आवाज आला. “नावं मात्र सुबक आहेत. आपलं नाव रेडिओवर यावं असं सगळ्यांना वाटतं. घेते मी.”

आणि त्यांनी नावं घेतली. सगळी. ‘आणि इतर’ नाही. शेवटी, प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारत, कुमारी शालिनी गणवीर, बी.एस्सी. भाग दोन.

आईचे दोन्ही हात बेसनानं भरलेले होते. ते तिनं तसेच वर केले. “आलं,” ती म्हणाली. “आलं माय. पुरं आलं. कॉलेजासकट आलं.” आणि त्याच हातांनी तिनं माझं तोंड धरलं. कमलामावशी हसत होती. आधीचं सगळं शहरी बोलणं भरभर झालं होतं, रस्सा उकळत होता. आईनं तेवढंच ऐकलं जे ऐकायला ती दोन वर्षं बसली होती. मग ती तशीच दारातून बाहेर गेली, गल्लीत सांगायला.

बाबांचा अर्धा गाल साबणाचा होता. ते उठले आणि रेडिओ बंद केला.

“शालू, हे तू लिहिलं?”

“नाही बाबा. माह्यं चौथं होतं. जे तिनं वाचलं नाही ते.”

“मंग तुयं नाव?”

“नावं आम्ही आधीच घालतो. कोऱ्यावर.”

त्यांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाले, “माह्या बापानं कोऱ्यावर अंगठा देल्ला होता. म्हणून तुले सही कराले शिकोलं.” मग अर्धी राहिलेली दाढी पुरी केली, तोंड धुतलं, आणि रेडिओ फडक्यात गुंडाळून वर फळीवर ठेवला. बाबांचं ते वाक्य मला आजही बोचतं, आणि आजही मी ते पूर्ण मान्य करत नाही. आजोबांनी अंगठा दिला तो ज्यांची भीती होती त्यांच्यासमोर. मी नाव घातलं ते माझ्या माणसांत.

आई परत आली तेव्हा बाबांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, हिला काही सांगू नको. आम्ही पातोड्या खाल्ल्या. इतक्या चांगल्या पातोड्या तिनं पुन्हा कधी केल्या नाहीत.

दुपारी मी दुकानात गेले. मदनभाऊ एका रेडिओत तार जोडायला डाग देत होते, धुराची बारीक रेघ वर जात होती. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“आयकलं का? पयल्यांदा सगये नावं आले. तुयंबी आलं.”

“मदनभौ, तुम्ही काय लिहिलं त्या बाईले?”

“खरं ते लिहिलं. इंजिन विसरली का नाही? सोताच कबूल केलं तिनं.”

“इंजिनाचं खरंच हाय. पापडाचं काय? तिसऱ्या कार्डात काय होतं?”

“थोडं तिखट लागते शालू. त्याशिवाय कोणी वाचत नाही.”

“तिखटानंच वाचलं नाही तिनं. माह्यं वाचलंच नाही. तुमच्या कार्डावर अन् माह्या कार्डावर नावं तेच, तिले काय समजणार कोणतं कोणाचं?”

त्यांनी डाग द्यायचा थांबवला. “तू लय मनावर घेऊन राह्यली. वीस वर्सं आयकून राह्यलो आपण. आपला काही हक हाय का नाही? अन् गोष्ट हाय ते. गोष्टच हाय.”

“गोष्टच हाय तं तळातली पोट्टी वर आलेली तुमच्यानं काहून पाहवत नाही?”

आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संबंध आता लागला होता. कान लाल झाले. आणि अगदी मायेनं, ही गोष्ट मी विसरू शकत नाही, अगदी मायेनं ते म्हणाले, “तुयं तसं नाही वं. तू आपली होय.”

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काझी सर कोपऱ्यात बसले होते. ते पुटपुटले, “मेरा भी नाम है उसमें, बेटा.” त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. मी खण उघडला. नावं घातलेली दोन कोरी कार्डं शिल्लक होती. त्यांवरचं माझं नाव मी त्यांच्याच पेनानं खोडलं, इतकं की कार्ड फाटलं. मदनभाऊ म्हणाले, “अवं कार्ड कायले खराब करते.” मी निघून आले. त्यानंतर त्या खोलीत गेले नाही. रस्त्यात भेटले की ते “काय म्हणते सायन्स?” असं विचारायचे आणि मी “बरं हाय” म्हणायची. असं आमचं नातं पुढची सगळी वर्षं त्या दोन वाक्यांवर चाललं. ते वारले तेव्हा मी पुसदला होते. रडले. लोकांना नवल वाटेल, पण रडले.

कुमुदताईंना मी एकटीनं पत्र लिहिलं, रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. त्यांनी मालिका सोडली होती. पत्र त्यांच्यापर्यंत गेलं की नाही देव जाणे, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण असं म्हणतात. नवीन लेखक आले. एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहून मी तो भाग ऐकला. रेवा डावं इंजिन दुरुस्त करायला यानाबाहेर गेली आणि तिची दोरी तुटली. एका भागात आटोपलं. पुढच्या वाक्याला नवा कॅप्टन बोलायला लागला, भारदस्त आवाजाचा. यादीत ‘तळातली बाई’ नव्हतीच. दुसऱ्या दिवशी कळलं, मदनभाऊंच्या दुकानात जिलबी वाटली.

आता ‘उल्का सात’ पुन्हा सुरू झाली आहे, मोबाइलवर. जुन्या-नव्या श्रोत्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक समूह आहे, त्यात मीही आहे. नव्या मालिकेत भोकं आहेत आणि ती मी दाखवते. इंजिनाचा जोर आणि यानाचं वजन जुळत नाही, तळातले लोक अजून गरिबीचा देखावा म्हणूनच येतात, हे मी लिहिते. खाली लगेच कुणीतरी त्या नव्या लेखिकेच्या दिसण्यावर, आडनावावर लिहितो, आणि वर माझ्या मजकुराला पसंतीचा अंगठा देतो, जसं काही आम्ही एकाच बाजूचे. मी लिहिते, माझं म्हणणं वेगळं आहे. मग दुसऱ्या बाजूचे म्हणतात, काकू, तुम्हीच आग लावता, आवडत नाही तर ऐकू नका. मला आवडतं म्हणून तर बोलते, हे कुठल्याच बाजूला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात कुणाला तरी त्या जुन्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सापडलं. समूहावर टाकलं, हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, काय धुतलं होतं आपल्या लोकांनी. मी ऐकलं. माझं नाव येतं, कॉलेजासकट येतं, आणि त्यानंतर पुढचं पत्र. मला सवय होती की नावानंतर “आलं माय” ऐकू येतं. ते त्यात नाही.

आईचं मात्र थांबलं नव्हतं. रेडिओ फळीवर गेला तरी तिचा प्रश्न होताच. मी बाहेर ऐकून येते असं तिला वाटायचं. त्या हिवाळ्यात अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना तिनं विचारलं, “गेली का वं खाली?” रेवा मेलेली होती. मी म्हटलं, “गेली आई. काल गेली.”

तिचे हात थांबले. “खरं? मंग?”

“बसली मायपाशी. जेवली.”

“काय केलं होतं मायनं?”

“पातोडी.”

“अवं, यानात बेसन कुठून आलं?”

मंडळातल्या कुणालाही हे सुचलं नसतं. मी म्हटलं, तळात हरभरा लावतात ते, पाणी त्याईच्याच हाती आहे नं. तिला पटलं. म्हणाली, “हो, पाणी हाय म्हणा.” मग तो हिवाळाभर मी तिला दर आठवड्याला एक भाग सांगितला. रेवानं तळातल्यांना पाळ्या लावून दिल्या, वरच्यांनाही जाळ्या खरवडायला बसवलं, आईचा खोकला वरच्या वैद्याला दाखवला. आई भोकं काढायची, मी बुजवायची. एके दिवशी तिनं विचारलं, “तिच्या मायचं नाव काय सांगतलं मंग?” माझ्या कार्डातला शेवटचा प्रश्न तोच होता.

मी म्हटलं, “पार्बता.”

“माह्यंच?”

“तुयंच म्हटलं त्याईनं.”

तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. थोड्या वेळानं खोकली, की हसली, मला कळलं नाही.

आई गेली तेव्हा आमच्या बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाला जिनिंगमधल्या तिच्या सोबतच्या बाया आल्या होत्या, म्हाताऱ्या झालेल्या. त्यातली एक माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात तिच्या खरबरीत हातात घेतला आणि म्हणाली, “तूच का वं शालू? तुयं नाव रेडिओवर आल्तं नं. पार्बता सांगत जाय आम्हाले. पयले तुयं आलं, अन् मंग तिचंबी आलं म्हणे.”

“हो,” मी म्हटलं. “दोघींचं आलं होतं.”